हे बरं, की हे?

कुमठेकर रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे.
माझं नाही, मी तिथे नंबर काढतो.
सव्वापाचला शाळेची व्हॅन पूर्णाला दाराशी सोडते
आणि ती काउंटरमागच्या स्टुलावर बसून
काचा पुसायच्या पिवळ्या कापडाने
आधी पट्टी पुसते, मग खोडरबर.

मंगळवारी म्हणाली, बाबा, कविता करायचीय.
आठ ओळी. विषय नदी.
यमक हवं, आणि शेवटी संदेश.

मला कवितेतलं काय कळतं?
बारावीला मराठीत पंचेचाळीस.
तरी वही घेतली हातात :
नदी वाहते झुळझुळ झुळझुळ
पाणी तिचे किती निर्मळ

छान, म्हटलं. मग राहवेना.
कुठली गं ही नदी?
"कवितेतली."

मालकांना सांगून लवकर निघालो,
नारायण पेठेतून खाली, भिडे पुलावर.
एप्रिलचा उजेड अजून रेंगाळत होता.
जलपर्णी. पात्रात ओळीने लावलेल्या गाड्या.
गाठ मारलेल्या पिशवीत कुणाचं तरी निर्माल्य,
आणि त्या सगळ्यात एक बगळा,
धुतलेल्या सदऱ्यासारखा.

पूर्णाने दप्तरातून काढली
दुकानातली ट्रायल फ्रेम!
ती जड, गोल, काचा बदलायची.
मी ओरडणारच होतो.
एका डोळ्यावर कुठल्यातरी नंबरची काच,
दुसरा तसाच उघडा,
अशी कठड्याशी उभी राहिली.
मागून ॲक्टिव्हावाला हॉर्न देऊन देऊन दमला.

"बाबा, नदीला नंबर लागलाय.
तिला आपण अंधुक दिसत असणार."

मी काहीच बोललो नाही.
(खोटं. घरी पोचेपर्यंत
तीन सुधारणा सुचवल्या.
तिन्ही तिने ऐकून घेतल्या,
जशी ती माझी गाणी ऐकून घेते.)

दिवसभर मी लोकांना विचारतो :
हे बरं, की हे? आता? आणि आता?
त्या रात्री ती मला विचारत होती.
"नदी बिचारी" बरं, की नुसती "नदी"?
दूध उतू चाललं होतं, म्हटलं, दोन्ही सारखंच.
"घाईतले पेशंट असंच म्हणतात,
तूच सांगतोस ना? नीट बघ."
गॅस बंद केला. नीट बघितलं.
बिचारी गेली.

झुळझुळ जाताना मात्र डोळे भरले तिचे.
दुसरीत शिकलेला शब्द, इतकी वर्षं सांभाळलेला.
म्हटलं, टाकू नकोस,
शेवटच्या पानावर लिहून ठेव,
कधीतरी एखादी नदी लागेल त्याला.
अकरा वाजता पाच ओळी उरल्या.
संदेश कुठेच नव्हता. मीही आठवण केली नाही.

शुक्रवारी वही परत आली.
लाल पेनात : यमक? तीन ओळी कमी.
आणि त्याच्या खाली, बारीक, जरा तिरकं :
किती नंबर?

शिरोळे बाईंना मी ओळखतो,
दोन वर्षांपूर्वी बायफोकल केला होता त्यांना.
सवय व्हायला महिना लागला, सारख्या येऊन सांगायच्या,
पायऱ्या हलतात हो.

पूर्णा दोन दिवस त्या प्रश्नावर बसलीय.
उणे की अधिक? नदीला
जवळचं दिसत नाही, की लांबचं?
मला विचारलं. मला खरंच माहीत नाही,
आणि हे एकदा तिच्यासमोर म्हणून टाकल्यावर
बरं वाटलं.

आज भोर्डे काका आले होते, मोतीबिंदूनंतरचे.
खुर्चीत बसवलं, तक्ता पेटवला.
वरचा मोठा प सहज. मधल्या ओळी अडखळत.
सगळ्यात खालची, मुंगीएवढी, कुणालाच येत नाही.
तिथे घ आहे, मग र.
काकांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली.
"ध," म्हणाले. थांबले. "र."

चुकलं, असं मी म्हणत नाही कधी.
काच बदलायला हात उचलला
तर मागे पेन्सिलीचा आवाज.
स्टुलावर पूर्णा वहीत लिहीत होती,
धर.